उष्णता जाते कुठे? सोलापुरात हॉलो कॅथोड तापवण्याचा माझा अनुभव

उपग्रहाच्या विद्युत इंजिनाचा फोटो पाहिला की नजर जाते ती निळसर झोताकडे. त्या झोताच्या कडेला किंवा मधोमध एक करंगळीएवढी नळी असते, तिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. ती नळी म्हणजे हॉलो कॅथोड. झेनॉन वायूचे आयन बनवायला इलेक्ट्रॉन लागतात आणि आयनांचा धनभारित झोत बाहेर पडल्यावर त्याला उदासीन करायलाही इलेक्ट्रॉन लागतात. हॉल थ्रस्टर नावाच्या विद्युत इंजिनात ही दोन्ही कामं एकच कॅथोड करतो. तो बंद पडला की बाकीचं इंजिन कितीही धडधाकट असलं तरी उपयोग नाही.

माझी पीएच.डी. या नळीच्या तापमानावर झाली, आणि ती सोलापुरात राहून, नोकरी सांभाळून झाली. झेनॉन नाही, अवकाशाची नक्कल करणारा मोठा चेंबर नाही, आसपास या विषयात काम केलेला माणूस नाही, अशा ठिकाणी हे कसं जमलं ते सविस्तर लिहिते आहे. जिल्ह्याच्या गावात बसून प्रयोग करू पाहणाऱ्यांना त्यातलं काही ना काही कामी येईल असं मला मनापासून वाटतं.

आधी नळीच्या आत काय आहे ते सांगते. न वितळता उष्णता झेलेल अशा धातूची किंवा ग्राफाइटची एक नळी. तिच्या पुढच्या टोकाला बारीक छिद्र. छिद्रामागे आतल्या भिंतीला चिकटून उत्सर्जक, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या पदार्थाची पोकळ बांगडी. बाहेरून हीटरची तार, तिच्यावर पातळ पत्र्याचे थर. या सगळ्याला वेढणारा कीपर नावाचा इलेक्ट्रोड. उत्सर्जक दोन प्रकारचे जास्त वापरात आहेत. सच्छिद्र टंगस्टनमध्ये बेरियम ऑक्साइडचं मिश्रण मुरवलेला प्रकार १००० ते १२०० अंश सेल्सिअसला काम करतो, पण पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन त्याला सोसत नाही. दुसरा लँथॅनम हेक्साबोराइड. तो जास्त कणखर, पण त्याला १५०० अंशांच्या वर न्यावं लागतं. १९५१ साली लॅफर्टी या संशोधकांनी या बोराइडांवरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हाच एक अडचण नोंदली होती: तापलेल्या बोराइडमधला बोरॉन टँटलम-टंगस्टनसारख्या धातूंत शिरतो आणि त्यांना ठिसूळ करतो. म्हणून मध्ये ग्राफाइट घालायची पद्धत आजही आहे. १९७१ मध्ये सोव्हिएत मेटिऑर उपग्रहावर पहिल्यांदा हॉल थ्रस्टर उडाले. त्या परंपरेत लँथॅनम हेक्साबोराइडच रुळला.

तापमानाची एवढी चिंता का, हे मला रिचर्डसनच्या समीकरणाने पटवलं. तापलेल्या पृष्ठभागातून किती इलेक्ट्रॉन सुटतात ते हे समीकरण सांगतं. त्यात तापमान घातांकात बसलेलं आहे. वर्क फंक्शन, म्हणजे एका इलेक्ट्रॉनला पृष्ठभागातून बाहेर पडायला लागणारी ऊर्जा, २.६७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आणि स्थिरांक २९ धरून लँथॅनम हेक्साबोराइडचा हिशेब केला, तर १५०० अंशांना चौरस सेंटिमीटरमागे सुमारे २.३ अँपिअर मिळतात आणि १५५० अंशांना ४. पन्नास अंशांत पावणेदोन पट! तापमान गरजेपेक्षा वर गेलं की उत्सर्जकाचा पदार्थ उडून जाण्याचा वेग असाच भराभर वाढतो. खाली राहिलं, तर लागणारा प्रवाह काढण्यासाठी आतलं व्होल्टेज चढतं आणि आयन जोराने आदळून पृष्ठभाग खातात. नासाच्या डीप स्पेस-१ यानाच्या इंजिनाची राखीव प्रत अमेरिकेतल्या जेपीएल या प्रयोगशाळेत ३०,३५२ तास चालवून पाहिली गेली. इतकं आयुष्य हवं असेल तर उत्सर्जकाचं तापमान अंदाजाने सोडून चालत नाही.

आता खरी मेख. डिस्चार्ज, म्हणजे वायूतून वाहणारा विद्युतप्रवाह, एकदा पेटला की हीटर बंद करतात. त्यापुढे उत्सर्जकाला प्लाझ्माच, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन यांनी भरलेला वायूच, तापवतो: आयन येऊन आदळतात, काही इलेक्ट्रॉन परत येतात, छिद्राशी वायू तापतो. उलट बाहेर पडणारा प्रत्येक इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा घेऊन जातो. ५ अँपिअर काढले तर ५ गुणिले २.६७, म्हणजे १३ वॅटच्या वर एवढं थंडावणं नुसत्या उत्सर्जनाने होतं. बाकीची उष्णता नळीतून मागे फ्लँजकडे, म्हणजे नळी जिच्यात बसवलेली असते त्या चकतीकडे, वाहत जाते आणि पृष्ठभागावरून रेडिएशनने जाते. प्लाझ्माने दिलेली उष्णता थेट मोजायचं मीटर कुठेच मिळत नाही. गळती मात्र मोजता येते.

माझ्या गाइड सरांशी बोलताना कामाचा सगळा आराखडा याच एका गोष्टीवर उभा राहिला. हीटरला दिलेले वॅट मीटरवर दिसतात. कोणत्या तापमानाला किती वॅट गळतात आणि कोणत्या वाटेने, याचा तक्ता प्लाझ्मा न पेटवता तयार करता येतो. असा तक्ता हाती असला आणि उद्या कुणी तीच नळी झेनॉनवर चालवून तापमान मोजलं, तर प्लाझ्माने किती उष्णता दिली हे वजाबाकीने निघतं. म्हणजे नळी स्वतःच मोजमापाचं साधन बनते.

सल्लागार समितीला हे पटवायला वेळ लागला. "झेनॉन नाही, प्लाझ्मा नाही, खरा उत्सर्जकही नाही. मग यात कॅथोड उरला कुठे?" असा सरळ प्रश्न आला, आणि तो रास्तच होता. सरांनी मला सांगितलं, "मॅडम, समीकरणं बाजूला ठेवा. आज कुणाकडे नाही अशी कोणती संख्या तुम्ही देणार, तेवढंच दाखवा." पुढच्या बैठकीला मी एकच आकृती नेली. नळीतून बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या वाटा काढल्या आणि प्रत्येक वाटेवर लिहिलं: पुस्तकातून मिळते, हिशेबाने निघते, की मोजल्याशिवाय कळत नाही. तिसऱ्या खान्यात दोनच गोष्टी होत्या. जोडणीतून पलीकडे जाणारी उष्णता आणि पत्र्यांच्या थरांतून निसटणारी उष्णता. समितीने परवानगी दिली ती या दोन गोष्टींसाठी, आणि एक अट घातली: जेवढं तापमान प्रत्यक्ष गाठता येईल तेवढ्यापुरताच दावा करायचा. माझ्या साधनांत ११०० अंश गाठता येणार होते. बेरियमवाल्या कॅथोडच्या पट्ट्याचा खालचा अर्धा भाग त्यात थेट येतो, लँथॅनम हेक्साबोराइडचा पट्टा येत नाही. ११०० वरून १६०० अंशांना गेलं की रेडिएशन साडेतीन पट होतं, त्यामुळे तिथलं भाकीत हे भाकीत म्हणूनच लिहायचं ठरलं.

नळी मॉलिब्डेनमची घेतली. बाहेरचा व्यास १२ मिलिमीटर, मोकळी लांबी ५० मिलिमीटर. उत्सर्जकाच्या जागी त्याच आकाराची ग्राफाइटची बांगडी. भिंत किती जाड ठेवायची याचा हिशेब कागदावर दोन ओळींत होतो. गरम टोक ११०० अंश आणि गार टोक १०० अंश धरलं, तर १ मिलिमीटर भिंतीतून सुमारे ७६ वॅट वाहून जातात, अर्धा मिलिमीटर केली की ४० च्या आसपास. म्हणजे नुसती भिंत तासून ३६ वॅट वाचतात. अवकाशात प्रत्येक वॅट सौर पॅनेलमधून यायचा असतो, तिथे हा आकडा फार मोठा आहे.

तासणार कोण? अक्कलकोट रोड एमआयडीसीत पॉवरलूमचे सुटे भाग बनवणारं एक छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या टर्नर काकांनी आयुष्य बुश, शाफ्ट आणि पिनियन करण्यात घालवलं. मॉलिब्डेनम त्यांनी तोवर हातात घेतलेलं नव्हतं. त्यांनी आधी मला एक तुकडा मागितला, लेथवर लावून कडेचा थोडा भाग काढला आणि निघालेला बुरादा बोटांत चोळून पाहिला. "ताई, हे लोखंडासारखं वळत नाही, कपची उडते. घाई केली तर काठ तुटेल." कार्बाइडचं टूल, अगदी हलका कट, आणि भिंत पातळ होत आली की आत अॅल्युमिनियमचा दट्ट्या बसवून आधार, असं त्यांनीच ठरवलं. ग्राफाइटच्या वेळी त्यांची काळजी वेगळी होती. ती काळी भुकटी लेथच्या बेडवर बसली की बेड घासून निघतो. त्यांनी बेडभर ओलं फडकं अंथरलं, टूलपाशी व्हॅक्यूम क्लीनरची नळी धरायला मुलाला उभं केलं आणि मग काम सुरू केलं. नळी हातात आली तेव्हा मी तिच्या भिंतीची जाडी चारी बाजूंनी मोजली. माझ्या ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सपेक्षा ती नेटकी होती.

व्हॅक्यूमसाठी पदार्थविज्ञान विभागातलं थिन फिल्म कोटिंगचं जुनं युनिट मिळालं. काचेचा बेलजार, खाली डिफ्यूजन पंप, शेजारी रोटरी पंप. १० चा उणे ५ वा घात मिलिबारपर्यंत ते जायचं. इतका निर्वात दोन कारणांसाठी हवा. वायू उरला तर तोही उष्णता वाहून नेतो आणि गळतीचा हिशेब बिघडतो. शिवाय गरम मॉलिब्डेनमला ऑक्सिजन मिळाला की त्याचं ऑक्साइड बनून धुरासारखं उडून जातं.

डिफ्यूजन पंपाला सतत गार पाणी लागतं, आणि सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. नळ सोडून ठेवायचा प्रश्नच नव्हता. टाकी, छोटा पंप आणि तेच पाणी फिरवायची व्यवस्था केली. हिवाळ्यात ती छान चालली. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंश, टाकीतलं पाणीही कोमट, मग पंपाचं तेल नीट थंड होत नाही आणि तेलाची वाफ वर बेलजारकडे सरकते. प्रयोगशाळेतले मामा सकाळी बर्फाची लादी आणून टाकीत सोडायचे. तरी उन्हाळ्यात महत्त्वाची मोजमापं आम्ही रात्रीच घेतली. रात्री पाणी लवकर तापत नाही, आणि व्होल्टेजही दिवसापेक्षा स्थिर असतं. वीज गेली तर आधी कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, मग कोणता, हे मामांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलं होतं. त्यांना स्वतःला ते वाचायची गरज पडत नसे. अंधारात त्यांचा हात आधी तिथे पोहोचलेला असायचा.

ग्राफाइट पहिल्यांदा तापवलं की ते मुरलेली हवा आणि ओल तासन्‌तास सोडत राहतं. निर्वात मोजणाऱ्या गेजचा काटा मागे येईपर्यंत पॉवर वाढवायची नाही हा नियम पाळावाच लागतो. त्यानंतर पुढचं प्रत्येक मोजमाप म्हणजे वाट पाहणं. गरम टोक काही मिनिटांत स्थिर होतं, पण फ्लँज आणि खालची बेसप्लेट हळूहळू सरकत राहतात, आणि त्या सरकतात तोवर वरचा आकडा लिहिण्यात अर्थ नाही.

तापमान किती, या साध्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. टंगस्टन-ऱ्हेनियमचं थर्मोकपल, म्हणजे दोन तारा टोकाशी जोडून केलेला तापमापक, निर्वातात चांगलं टिकतं. पण त्याचा मणी, म्हणजे तारांच्या जोडाचं टोक, पृष्ठभागावर नुसता टेकवला तर तो खरं तापमान सांगत नाही. हवेत मणी आणि पृष्ठभाग यांच्यामधल्या फटीतून हवाच उष्णता पोहोचवते. निर्वातात ती सोय नाही, आणि तारा मात्र मण्यातली उष्णता बाहेर ओढत राहतात. म्हणून ग्राफाइटच्या बांगडीच्या जाडीत १ मिलिमीटर व्यासाचं, ६ मिलिमीटर खोल छिद्र पाडलं आणि मणी त्यात बसवला. असंच दुसरं छिद्र पायरोमीटरसाठी, म्हणजे तेजावरून तापमान सांगणाऱ्या साधनासाठी, रिकामं ठेवलं. खोल, अरुंद छिद्र जवळजवळ आदर्श काळ्या वस्तूसारखं वागतं, त्यामुळे एमिसिव्हिटीचा, म्हणजे पृष्ठभाग किती सहज रेडिएशन सोडतो याचा, वाद राहत नाही. तरीही दोन साधनांत फरक दिसायचा, आणि त्यातलं खरं कोणाचं हे ठरवायला तिसरा साक्षीदार हवा होता.

तो साक्षीदार सराफ बाजारात मिळाला. चोख सोनं १०६४.१८ अंशांना वितळतं. आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीतला तो ठरलेला बिंदू आहे. दागिन्याचं सोनं चालत नाही, त्यात मिसळलेल्या तांब्या-चांदीमुळे ते आधीच वितळतं. सराफांना मी चोख सोन्याची केसासारखी तार मागितली आणि कशासाठी ते सांगितलं. त्यांनी तार ओढून दिली, काट्यावर तोलली, आणि वितळल्यावर उरलेला मणी परत आणून दाखवायला सांगितलं. त्या तारेचा नखाएवढा तुकडा ग्राफाइटच्या काठावर, थर्मोकपलच्या छिद्राजवळ आडवा ठेवला. ग्राफाइटला वितळलेलं सोनं चिकटत नाही, म्हणूनही ही जोडी सोयीची. वरची एक खिडकी सोडून नळीभोवती सगळीकडे पत्र्याचे पडदे होते. पॉवर अगदी थोडी थोडी वाढवत नेली. तार आधी लालसर ग्राफाइटवर जेमतेम ओळखू येत होती, मग ग्राफाइट नारिंगी झालं तशी ती त्यात हरवली. आणि एका क्षणी तिथे चकचकीत गोल थेंब बसलेला दिसला. मधली अवस्था दिसलीच नाही. त्या क्षणाला दोन्ही साधनांचे आकडे लिहिले. थर्मोकपल थोडं कमी दाखवत होतं, पायरोमीटर त्याहून बरंच कमी. पायरोमीटरचं कारण काचेवर होतं: गरम हीटरवरून उडालेल्या पदार्थाचा पुसट थर बेलजारच्या आतल्या बाजूला बसला होता. पुढे प्रत्येक फेरीआधी खिडकीसमोर झडप लावली आणि वाचन घेण्यापुरतीच ती उघडली. सोन्याचा मणी सराफांना दाखवला. त्यांनी तो भिंगातून बराच वेळ पाहिला.

पडद्यांचं काम मला फार आवडलं. गरम वस्तूभोवती समान एमिसिव्हिटीचे एकमेकांना न टेकणारे पातळ पत्रे लावले, तर ढोबळ हिशेबाने एका पत्र्याने रेडिएशन निम्मं होतं, दोन पत्र्यांनी एक तृतीयांश, नऊ पत्र्यांनी एक दशांश. अट "न टेकणारे" ही आहे. गुंडाळी करताना टँटलमचा पातळ पत्रा ठिकठिकाणी टेकतोच, आणि टेकला तिथून उष्णता सरळ पुढच्या थरात जाते. मी दाभणाच्या बोथट केलेल्या टोकाने पत्र्यावर ठरावीक अंतरावर उठाव काढले, खाली जाड रबर ठेवून, प्रत्येक उठाव सारख्या दाबाचा. अशा पत्र्याची गुंडाळी केली की थर फक्त त्या ठिपक्यांवर टेकतात. उठाव नसलेली आणि उठाव असलेली, अशा दोन गुंडाळ्या एकाच पॉवरला तापवून पाहिल्या. उठाववाल्या गुंडाळीत गरम टोक स्पष्टपणे वर चढलं. टँटलम महाग आहे, पण मऊ आहे. मॉलिब्डेनमचा पत्रा एकदा तापून गार झाला की वाकवताना तडकतो, आणि गुंडाळी पुन्हा उघडता येत नाही.

आणि मग तो वाकडा आलेख. पॉवर वाढवत नेली की फ्लँजचं तापमान एका मर्यादेपर्यंत मी संगणकावर मांडलेल्या मॉडेलप्रमाणे वाढायचं आणि मग मॉडेलच्या खाली राहायला लागायचं. त्याच वेळी नळीचं टोक मॉडेलपेक्षा गरम व्हायचं. म्हणजे उष्णता वाटेत अडत होती. थंड झाल्यावर पुन्हा तापवलं की तेच, पण वळण प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या जागी. मी नळीवर थोड्या अंतरावर दोन थर्मोकपल बसवली. दोघांमधला फरक, नळीचा छेद आणि मॉलिब्डेनमची वाहकता यांवरून नळीतून नेमकी किती उष्णता जाते ते कळतं. त्यावरून अडथळा नळीत नाही, नळी आणि फ्लँज यांच्या जोडणीत आहे, हे ठरलं.

फ्लँज स्टेनलेस स्टीलचा होता, नळी त्याच्या भोकात दाबून बसवलेली. मी आलेख आणि फ्लँज घेऊन काकांकडे गेले. त्यांनी आलेख बाजूला सारला, फ्लँज हातात फिरवला आणि म्हणाले, "बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना काय करतात? धाव तापवतात, ती फुगते, मग चाकावर बसते. तुमची धाव तर तापतेय चाकावर असतानाच." नेमकं तेच होतं. स्टेनलेस स्टील दर अंशाला दशलक्षामागे सुमारे १७ भाग प्रसरण पावतं, मॉलिब्डेनम सुमारे ५. दोन्ही ३० वरून ३०० अंशांवर गेले असं धरलं, तर १२ मिलिमीटर व्यासावर सुमारे चार शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. दाबून बसवलेली जोडणी तेवढ्याने सैल होते. हवेत त्या फटीची फारशी दखल घ्यावी लागली नसती. निर्वातात फट म्हणजे फक्त रेडिएशन आणि जिथे कुठे कडेला टेकलेलं असेल तेवढे चार-दोन बिंदू. नळी गार होताना कुठल्या बाजूला टेकते यावर पुढच्या वेळचं वळण ठरत होतं.

यावर मला आलेला एक सल्ला असा होता की सैल होते ते चांगलंच, गळती आपोआप कमी होते, आहे तसं राहू द्या. मला तो मान्य झाला नाही. गळती कमी पण बेभरवशाची असण्यापेक्षा थोडी जास्त पण ठरलेली असावी, हे माझं ठाम मत या कामातून बनलं. कॅथोडचं डिझाइन करणारा जास्त वॅट धरून डिझाइन करू शकतो. पण प्रत्येक चालू-बंदला तापमान पन्नास अंशांनी इकडेतिकडे होणार असेल, तर वर काढलेला पावणेदोन पटीचा हिशेब त्याच्या डोक्यावर बसलेला असतो. फ्लँज टायटॅनियमचा केला. त्याचं प्रसरण दशलक्षामागे सुमारे ८.६, म्हणजे फरक एक शतांशाच्या आसपास येतो, आणि तेवढा बसवतानाच्या घट्टपणात सामावून घेता येतो. शिवाय टायटॅनियम स्वतः उष्णतेचा मंद वाहक आहे. नव्या फ्लँजनंतर आलेख सरळ झाला आणि वारंवार तापवूनही जागचा हलला नाही.

मॉडेलबद्दल थोडक्यात. नळीचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येकाची उष्णतेची जमाखर्च-वही मांडणारा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिला. अनोळखी संख्या दोनच ठेवल्या, जोडणीची वाहकता आणि पडद्यांची परिणामी एमिसिव्हिटी, आणि त्या मोजमापांवरून काढल्या. मोठं सॉफ्टवेअर वापरलं असतं तर चित्रं देखणी आली असती. पण दहा अनोळखी संख्या घालून आलेख जुळवणं सोपं असतं आणि त्यातून काही कळत नाही.

व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हीटरविना चालणाऱ्या कॅथोडबद्दल विचारलं. हीटरची तार हाच कॅथोडचा नाजूक भाग. तापून गार होताना तिचा टंगस्टन ठिसूळ होतो, आणि माझ्याकडे तुटलेल्या तारांचा डबा होता, तो मी सोबत नेला होता. हीटरच काढून टाकायचा आणि कीपरवर शेकडो व्होल्ट देऊन डिस्चार्जनेच उत्सर्जक तापवायचा, ही कल्पना जगभर चालू आहे. भारतात बेलाट्रिक्स एरोस्पेस या कंपनीचा असा कॅथोड १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ उड्डाणातून पोएम-३ या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावरच्या प्रयोगमंचावर गेला. परीक्षकांचा प्रश्न होता, "तुमच्या तक्त्याचा इथे काय उपयोग?" मी फळ्यावर उष्णताधारकतेचा हिशेब मांडला. माझ्या नळीचा गरम भाग सुमारे साडेचार ग्रॅम मॉलिब्डेनम आणि पावणेचार ग्रॅम ग्राफाइट. खोलीच्या तापमानापासून ११०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे आठ हजार जूल, आणि त्यातले बहुतेक ग्राफाइटच घेतं, वजनाने कमी असूनही. १०० वॅट दिले आणि गळती शून्य धरली तरी ८० सेकंद. हीटरविना सुरू करायचं तर हा काळ उच्च व्होल्टेजखाली जातो आणि तेवढा वेळ पृष्ठभाग झिजतो. म्हणून तिथे ग्राफाइटचं वस्तुमान आधी उतरवायला हवं, आणि किती उतरवलं की गळती कितीने बदलेल हे तक्त्यावरून सांगता येतं. त्यांनी आणखी दोन-तीन बाजूंनी उलटतपासणी घेतली आणि पान उलटलं.

आता दुसरी नळी तयार होते आहे. टँटलमची, भिंत आणखी पातळ, आत ग्राफाइटच्या बाहीत बसवलेला लँथॅनम हेक्साबोराइडचा खरा तुकडा. झेनॉनची सोय असलेल्या एका संशोधन गटाने ती चालवून पाहायचं कबूल केलं आहे. ती पाठवण्याआधी तिचा गळतीचा तक्ता इथेच, मामांच्या बर्फाच्या पाण्यावर, करून घ्यायचा आहे. टायटॅनियमचा फ्लँज काकांच्या टेबलावर आहे. भोक अजून दोन शतांशांनी लहान आहे, ते त्यांनी मुद्दाम तसं ठेवलं आहे, नळी हातात आल्यावर तिच्या मापाने काढायला.